पंखा काढलेलं कार्ड

गजू भाऊजी,

तुमची तेरवी झाली, मांडव निघाला, पाहुणे आपापल्या गावी गेले. त्यानंतर एका दुपारी मी सैपाकघरातून आले तर समोरच्या खोलीत तुमचं यंत्र सुरू होतं. तुमच्या दादांनी लावलं होतं. टीव्हीवर मागच्या मंडईच्या जत्रेतलं नाटक, आवाज नेहमीसारखा अगदी बारीक. पण दादा टीव्हीकडे पाहतच नव्हते. ते वाकून खालच्या जाळीच्या पेटीकडे पाहत होते. मला म्हणाले, हात लावून पाहा बरं, जास्त तर नाही तापली? मी हात लावला. पेटी कोमट होती. ठीक आहे, म्हणाले. ठीक आहे की नाही हे खरं सांगणारा माणूस तुम्हीच होतात.

तेरवीला आलेल्या बायांनी मला विचारलं होतं, देराची काय आठवण ठेवली? दादांनी तुमचं घड्याळ ठेवलं, ते सगळ्यांना दाखवलं. मी म्हणाले, काही नाही. पेटी त्यांच्या समोरच होती, तिच्यावर कुणीतरी चहाची कपबशी ठेवली होती, तरी मी बोलले नाही. पेटीचं सांगायचं तर आधी माझ्या कानाचं सांगावं लागतं, आणि कानाचं सांगायची मला अजून लाज वाटते. एवढी वर्षं तुम्ही ती लाज माझ्यातून काढायला धडपडलात, आणि तुमच्याच तेरवीत ती पुन्हा माझ्या तोंडावर हात ठेवून बसली. तिथं बोलले नाही म्हणून इथं लिहिते आहे.

तुमच्या लग्नाच्या वरातीनंतर माझा उजवा कान वाजू लागला. आत कुणी शिट्टी धरून बसल्यासारखा. दोन-चार दिवसांत जाईल, असं सगळ्यांनाच वाटलं. शिट्टी तर गेली नाहीच, वर साधे आवाजही टोचू लागले. ताटात चमचा पडला तरी कानात सळई गेल्यासारखं व्हायचं. कुकरची शिट्टी होईल या धाकानं मी आधीच परसात जाऊन उभी राहायची. गोंदियात दाखवलं, नागपुरात दाखवलं. तपासणीत कान उत्तम निघाले. बारीकातला बारीक आवाज मला ऐकू येत होता. घरी सगळ्यांना हायसं वाटलं, आणि मी त्या दिवसापासून खोटी ठरले. बहिऱ्या बाईशी लोक निदान जवळ येऊन बोलतात. मला जास्त ऐकू येतं म्हटल्यावर ते एकमेकांकडे पाहायचे.

एका हळदीकुंकवाला कुणीतरी माझ्या मागे मुद्दाम परात पाडली, खरंच दचकते का ते पाहायला. मी दचकले, डोळ्यांतून पाणी आलं, आणि बाया हसल्या. त्यानंतर मी जाणं-येणं सोडलं. लग्नं सोडली, गोंदियाच्या टॉकीजमधला सिनेमा सोडला. सगळ्यात जड गेलं मंडईचं नाटक सोडणं. चिचगडला माहेरी आम्ही बोऱ्यावर बसून, घोंगडी पांघरून नाटक पाहायचो. लग्न होऊन दवनीवाड्यात आले तर तुम्ही माझ्यासाठी पुढची जागा धरून ठेवायचात. कॉलेजात होतात तेव्हा. नायिकेला घराबाहेर काढलं की तुम्ही रडायचात, आणि सर्दी झाली म्हणायचात.

माझ्या कानाचं झाल्यावर दिवाळीची मंडई आली की मी दार लावून बसायची. गावाच्या त्या टोकाला वाजणारा नाटकाचा भोंगा तरी घरात यायचाच. दादा माझ्यामुळे जात नव्हते. जा म्हटलं तर म्हणायचे, मन नाही. मला ते माहीत होतं, आणि त्यांच्यासमोर जेवायला बसायचीही मला चोरी वाटायची.

तुम्ही तोवर गोंदियाच्या बाजारात संगणकाचं आणि कॅमेऱ्यांचं दुकान टाकलं होतं आणि तिथंच राहायला गेला होतात. एका वर्षी तुम्ही कॅमेरा घेऊन मंडईत गेलात आणि पुढच्या रविवारी आमच्या दारात उभे राहिलात.

"वहिनी, तुमी नाटकाले येत नाई ना," तुम्ही म्हणालात, "मंग नाटकच आनलं घरी."

चित्र लावलं तर काळोखात पिवळे ठिपके. नायक कोण, फौजदार कोण, काही कळेना. तुम्ही म्हणालात याला चांगलं ग्राफिक्स कार्ड लागेल, ते एकेक चित्र पुसून, उजळून पुढे देईल. मग तसं कार्ड घातलेलं यंत्र आणलंत आणि टीव्हीला जोडलंत. चेहरे खरंच स्वच्छ झाले. नायिकेच्या नथीचा मोतीसुद्धा दिसला. पण चित्रं पुसता पुसता कार्ड तापलं आणि त्याचे पंखे धान उफणायच्या पंख्यासारखे सुटले. त्या घरघरीत संवाद ऐकू येईनात म्हणून दादांनी टीव्हीचा आवाज वाढवला. मी कान धरून अंगणात गेले.

दादा वैतागले. त्यांचंही चुकलं असं मी म्हणणार नाही, माणूस कुठवर सोसेल. राहू दे गजू, हिच्यानं नाही होणार, असं ते आत म्हणाले. मला बाहेर स्पष्ट ऐकू आलं, मला तर सगळंच ऐकू येत होतं. तुम्ही यंत्र बंद केलंत. मग म्हणालात, "वहिनीचं काई नाई, दादा. पंखा काढतो मी."

पुढचे कितीतरी रविवार तुम्ही आमच्या समोरच्या खोलीत सतरंजीवर बसून काढलेत. कार्डाचे पंखे सोडवले. त्यांच्या जागी ॲल्युमिनियमच्या पातळ पात्यांचा एक मोठा ठोकळा बसवला, त्यातून तांब्याच्या नळ्या गेलेल्या. चिपवर राखाडी मलम तुम्ही इतकं जपून लावत होतात की तुमची वर्षा, माझी धाकटी जाऊ, म्हणाली, माझ्या पायाच्या भेगांना कधी असं लावलं नाही. तुम्ही मान वर न करता हसलात. मला तुम्ही समजावून सांगायचात, की गरम हवा आपणहून वर जाते, तिला नुसती वाट द्यायची. म्हणून कार्ड उभं टांगलंत. विकतच्या पेटीत हवेला वाट नव्हती. तर राइस मिलमधल्या मित्राकडून तांदूळ चाळायच्या जाळीचा जुना पत्रा आणलात आणि त्याचीच पेटी करून घेतलीत. खालपासून वरपर्यंत नुसती भोकं. पहिल्या दिवशी त्या भोकांतून कोंडा गळत होता आणि मी झाडून झाडून थकले.

हिवाळाभर यंत्र छान चाललं. त्याचा काही आवाजच नव्हता, त्यामुळे टीव्हीचा आवाज मला सोसेल इतका लहान ठेवता यायचा. मी, दादा, कधी तुम्ही दोघं. किती वर्षांनी आम्ही नाटक पाहत होतो. दादा एका विनोदी प्रवेशाला मोठ्यानं हसले आणि मग दचकून माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या हसण्याला माझा पहारा बसला होता. मी पदराआड तोंड वळवलं.

मग उन्हाळा आला. नवतपाच्या कडक उन्हात एका दुपारी नाटकातला बाप हरवलेल्या मुलीला ओळखणार, एवढ्यात पडदा काळा झाला. कार्ड तापून यंत्र बंद पडलं होतं. तुमचा शर्ट घामानं पाठीला चिकटला होता. मीच म्हणाले, भाऊजी, एक मोठा पंखा लावा, हळू फिरणारा, मी सहन करीन. तुम्ही ऐकेनात. आज तो हळू फिरेल, उद्या त्यात कचरा बसेल, परवा कुरकुरेल, असं तुमचं म्हणणं. मी म्हणाले, तेव्हा सांगीन ना.

"तुमी सांगत नाई, वहिनी," तुम्ही म्हणालात. "तुमी उठून चालल्या जाता."

तुम्ही पंखा लावलाच नाहीत. कार्डाला मिळणारी वीज कमी केलीत, चित्र जरा कमी उजळ झालं आणि यंत्र उन्हाळा काढू लागलं. दरवर्षी मे महिन्यात मी पंख्याचा विषय काढायची, तुम्ही नाही म्हणायचात. हा वाद या उन्हाळ्यातही व्हायचा होता.

त्या शांततेत मला दुसराच आवाज ऐकू येऊ लागला. डासासारखा, पण धातूचा. पडद्यावर नाटकांची यादी असली की जास्त, नाटक सुरू झालं की कमी. किती तरी दिवस मी बोलले नाही. एवढं सगळं केल्यावर अजूनही आवाज येतो, हे कोणत्या तोंडानं सांगायचं? शेवटी तुम्हीच माझ्या कपाळाची आठी पाहून विचारलंत. दादांनी पेटीला कान लावला, वर्षानं लावला. दोघांनाही काही नाही. तुम्ही गाल टेकवून बसलात, डोळे मिटून. तुम्हालाही काही ऐकू आलं नाही. दादा हळूच म्हणाले, तो तिच्या कानातलाच आवाज असेल, यंत्राचा नसेल. मलाही तसंच वाटू लागलं होतं. कान आतून वाजतो की बाहेर काही वाजतं, हे मलाच कळेनासं झालं होतं, आणि त्यासारखी भीती नाही.

तुम्ही खुर्ची आणलीत. मला भिंतीकडे तोंड करून बसवलंत. म्हणालात, मी मागे यंत्राचं काम सुरू-बंद करतो, आवाज थांबला की हात वर करा, आला की खाली घ्या. दादा आणि वर्षा पाहत उभे. माझी मान लाजेनं तापली. दोन घरची सून-लेक झालेली बाई, शाळेत शिक्षा झालेल्या पोरीसारखी भिंतीकडे तोंड करून. हात वर केला, खाली घेतला. वर केला, खाली घेतला. मध्येच तुम्ही खूप वेळ काहीच केलं नाहीत, मीही हात हलवला नाही. मागे कुणी बोलेना. मला वाटलं सगळं चुकलं, आता वळूच नये. वळले तर दादा जमिनीकडे पाहत होते आणि वर्षाच्या डोळ्यांत पाणी होतं. मी एकदाही चुकले नव्हते.

कार्डावर तांब्याच्या तारेची वेटोळी असतात, वीज जोरात धावली की ती थरथरतात, बहुतेकांच्या कानाला ते कळत नाही, असं तुम्ही सगळ्यांना समजावलंत. नुसती यादी दाखवताना कार्ड विनाकारण धावत सुटतं, म्हणून तेव्हा जास्त. तुम्ही यंत्रात काहीतरी बसवलंत, की सेकंदाला ठरावीक चित्रांपेक्षा जास्त काढायची नाहीत. आवाज थांबला. मी काही सांगायच्या आधीच तुम्ही माझ्या चेहऱ्याकडे पाहून हातातला स्क्रूचा पेचकस खाली ठेवलात.

त्या दिवसानंतर घरात मला कुणी खोटी समजलं नाही. दादा फडताळात ताटांच्या मध्ये कापड घालू लागले, स्वतःहून, मला न सांगता. आणि मी तुमच्यावर चिडले. वर्षा चहा ठेवायला आत गेली तेव्हा मी म्हणाले, "तुमालेबी माही परीक्षाच घ्या लागली?"

"मले नोती लागत," तुम्ही म्हणालात. "दादाले लागत होती."

मी म्हणाले, मग दादांना सांगायचं होतं की हिचं ऐक. मला भिंतीकडे कशाला बसवलं? तुम्ही म्हणालात, सांगून कुणी मानत असतं तर इतकी वर्षं तुम्ही सांगतच होत्या ना. तेही खरं होतं. मी तरी ऐकलं नाही. चहा आला. पुढेही कधी तो विषय निघाला की मी तोंड फिरवायची आणि तुम्ही सतरंजीची दोरी ओढत बसायचात. तुमचं बरोबर होतं की माझं, हे मला आजही ठरवता येत नाही. परीक्षा झाली नसती तर माझी सुटका नव्हती. पण ज्याच्यासमोर मला काही सिद्ध करावं लागत नव्हतं असा माणूस एकच होता, आणि त्यानंच मला भिंतीकडे बसवलं, हे मनातून गेलं नाही.

एक गोष्ट मात्र आपण कधी बोललोच नाही. वरातीचा डीजे तुम्ही ठरवला होता. दादा बँड सांगा म्हणत होते, तुम्ही हट्ट करून तुमसरहून डीजे आणलात. माझ्या कानाचं कळल्यावर तुम्ही पुन्हा कुणाच्या वरातीत नाचला नाहीत. दुकानात कुणी मोठे स्पीकर मागितले की दुसऱ्या दुकानाचा पत्ता सांगायचात. वर्षानं एकदा हे मला सांगितलं आणि मी विषय बदलला. रविवारी सतरंजीवर तुमची मान खाली घातलेली असायची, तिच्याकडे पाहून मला कळायचं की या माणसाला नुसतं नाटक दाखवायचं नाही, काहीतरी फेडायचं आहे.

फेडण्यासारखं काही नव्हतं, भाऊजी. त्या दिवशी मला कुणी ओढून नेलं नव्हतं. मी स्वतः त्या डीजेच्या गाडीपुढे गेले होते. पदर खोचला, चपला काढून फेकल्या. दादांनी बाजूला हो म्हणून खूण केली, तरी हटले नाही. माझ्या एकुलत्या एका देराचं लग्न होतं. एवढी मी आयुष्यात कधी नाचले नव्हते, पुन्हा कधी नाचणारही नाही, आणि त्या नाचण्याचा मला एक दिवससुद्धा पस्तावा झाला नाही. हे एवढंच तुम्हाला सांगायचं होतं. कितीदा ओठावर आलं. मग वाटायचं, हे ऐकून तुमचं मन हलकं झालं आणि तुम्ही रविवारी यायचे थांबलात तर? तुम्ही तसे नव्हतात. तरी मला तसं वाटलं, आणि मी तुमच्या मानेवरचं ओझं तसंच राहू दिलं.

तुम्ही दुकानात, खुर्चीवर बसल्या बसल्या गेलात. आम्ही गोंदियाला पोचलो तेव्हा तुम्हाला अंगणात ठेवलं होतं. वर्षा तुमच्या छातीवर डोकं टाकून ओरडत होती, तिच्याभोवती सगळ्या बाया. मी तुमच्या पायाशी बसले. तुमचे पाय धरून बसायचं, निघेपर्यंत सोडायचे नाहीत, असं गाडीत ठरवलं होतं. बाया एकदम गळा काढायच्या आणि माझ्या कानात सळया शिरायच्या. डोळ्यांपुढे अंधारी आली. मी उठले. गल्लीच्या टोकाला एका बंद दुकानाच्या पायरीवर जाऊन बसले, आणि तिथूनच तुम्हाला नेताना पाहिलं, दोन्ही कानांवर हात धरून. तुम्हाला नमस्कार करायला माझे हात मोकळे नव्हते.

लोक बोलले. मोठी वहिनी बाहेर जाऊन बसली, एवढं करणाऱ्या देराजवळ टेकली नाही. दादांनी कुणाला खुलासा केला नाही, मीही केला नाही. तुम्ही बोलला होतात तसंच झालं, मी उठून चालले गेले. तेरवीपर्यंत मी त्या एकाच गोष्टीत बुडून होते. जेवताना, झाडताना, झोपताना ती पायरी डोळ्यांपुढे.

काल वर्षा आली, थोडे दिवस राहायला. दादा धानाच्या बांधीवर गेल्यावर मी तिच्याजवळ बसले आणि बोलून टाकलं, की मी तुझ्याजवळ बसायला हवं होतं आणि मी उठून गेले. तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, नुसतंच.

"ताई, तुमी होत्या का नोत्या, मले आठवतच नाई," ती म्हणाली. "मी त्या दिवशी कोनालेच पायलं नाई."

मी तिथंच बसून राहिले. इतके दिवस मी जी लाज घेऊन फिरत होते तिच्यात तुम्ही होतात, लोक होते, मी तर होतेच. वर्षा कुठं नव्हती. नवरा तिचा गेला होता. मला असं वाटलं की जमीन फाटावी.

दुपारी ती मागच्या खोलीत पडली. मी पाणी घेऊन गेले तर ती भिंतीकडे वळून होती, पदराचा बोळा तोंडात कोंबलेला, सगळं अंग हलत होतं आणि आवाज एक नाही. मला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं. ती माझ्या घरात होती, म्हणून दाबून रडत होती.

मी तिच्या तोंडातला पदर काढला. मोठ्यानं रड म्हणाले. ती मान हलवत राहिली.

"तुमचा कान," ती म्हणाली.

"राहू दे कान. रड तू."

ती रडली, भाऊजी. शेजारच्या बाया दाराशी आल्या इतकी रडली. मी तिला धरून बसले होते, तिचं तोंड माझ्या उजव्या खांद्यावर. फार दुखलं, ते तुम्हाला खोटं सांगत नाही. एकदा वाटलं की आता उठावंच लागेल. तिनं माझा हात धरला होता तो सोडवला नाही, एवढंच मी केलं.

आज सकाळी तिनंच चहा केला. कप हातात देताना विचारलं, दुखते का? मी म्हणाले, हो, लई दुखते. तिनं थोडा विचार केला आणि म्हणाली, मंग आज जराशी कमी रडीन. आम्हाला दोघींना हसू आलं. हसलो, आणि लगेच दोघींनी दाराकडे पाहिलं, कुणी ऐकलं तर नाही.